शाप कोणी दिला?

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. आज लिहितेय ते रागात आहे म्हणून. रागात असले की माझं लिखाण लांबतं, तेव्हा चहा घेऊन बसा. आमच्या घरातले जे लोक हे गुपचूप वाचतात (वाचता, पण कबूल करत नाही, मला सगळं माहीत आहे :-)) त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावं. मधेच फोन करू नये.

तर झालं असं. आम्ही राहतो भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकात. स्टेशनबाहेर रिक्षावाले "इंद्रलोक, इंद्रलोक" असा पुकारा करत असतात. पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला त्याची भारी गंमत वाटते. आम्हाला सवय झाली आहे. ताई राहते आमच्या मागच्या इमारतीत, आणि ताईचं लेकरू दर शनिवारी माझ्याकडे पुस्तकं वाचायला येतं. चौथीत आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही. मुलगा की मुलगी, तेही सांगणार नाही. घरच्यांना माहीत आहे, बाकीच्यांना त्याची गरज नाही, आणि सुदैवाने मराठीत तशी सोय आहे. लेकरू म्हटलं की "ते". ताईला आणि भावोजींना विचारूनच हे लिहिते आहे.

गणपतीत सोसायटीत मुलांची वेशभूषा स्पर्धा असते. तुम्हाला माहीतच आहे, दोन शिवाजी महाराज, तीन झाशीच्या राण्या, एक डॉक्टर, एक भाजीवाली. आमच्या लेकराने आधीच्या महिन्यात मुलांसाठी लिहिलेलं महाभारत वाचून संपवलं होतं. ते म्हणालं, "मला बृहन्नडा व्हायचंय."

नाव नोंदवायला मीच घेऊन गेले होते. टेबलाशी बसलेले काका आधी ऐकल्यासारखं करेनात. मग म्हणाले, "त्यापेक्षा अर्जुन करू या की, धनुष्यबाण आहे माझ्याकडे." लेकरू म्हणालं, "पण अर्जुनच आहे ना ते!" टेबलाभोवतीचे सगळे हसले. पाच-सहा मोठी माणसं. आणि खरं सांगायचं तर त्यात मीही हसले. वाईट हेतूने नाही हो. लहान मूल काहीतरी बोललं की आपण हसतो तसं. पण त्या हसण्यात दुसरंही काहीतरी होतं, आणि ते त्याला कळलं. मला कळायच्या आधी त्याला कळलं.

घरी आल्यावर आमच्या एका मामींनी निकाल दिला. "नको ती सोंगं. लोक काय म्हणतील?"

शेवटी ते झाड झालं. हिरवा कागद, पुठ्ठ्याच्या फांद्या, "झाडे लावा, झाडे जगवा". उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं. झाडाला कोणी काही विचारत नाही.

त्यानंतर मी ते महाभारत परत उघडलं, की या पोराला बृहन्नडेत एवढं काय दिसलं? पुस्तकात अज्ञातवासाला मिळून चार पानं. त्यात बृहन्नडेला एक परिच्छेद आणि एक चित्र. चित्रात साडी नेसलेला मिशीवाला माणूस, आणि त्याच्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसणाऱ्या दासी. मजकुरात काय, तर उर्वशीने शाप दिला, म्हणून अर्जुनाला वर्षभर असं राहावं लागलं. म्हणजे मुलाने वाचायचं काय, तर ही शिक्षा आहे आणि ही हसायची गोष्ट आहे. टेबलाभोवतीच्या आमच्या हसण्याचा उगम मला तिथे सापडला. आम्ही सगळे असलीच पुस्तकं वाचून मोठे झालो.

आता मूळ गोष्ट बघा. ही कथा घडते कुठे? इंद्रलोकात! (आमच्या नव्हे, वरच्या.) दिव्य अस्त्रं मिळवायला अर्जुन तिथे जातो आणि पाच वर्षं राहतो. तिथे इंद्राच्याच सांगण्यावरून तो चित्रसेन गंधर्वाकडे गाणं आणि नाच शिकतो. धनुर्विद्येत ज्याचा हात धरणारा कोणी नाही असा माणूस घुंगरू बांधून नाच शिकतो, आणि महाभारतकारांना त्यात काहीही विचित्र वाटत नाही. मुलांच्या पुस्तकातून नेमकी ही पाच वर्षं गाळलेली असतात. ती गाळली की मग उरतो फक्त शाप.

आणि त्या शापाचीही गंमत ऐका. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने देशभरातल्या पोथ्या जमवून, ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १९१९ मध्ये काम सुरू झालं, १९६६ मध्ये पूर्ण झालं. जवळजवळ पन्नास वर्षं विद्वान मंडळी एकेका ओळीवर बसली होती. त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत उर्वशीच्या शापाची कथा नाही. नंतरची भर म्हणून ती परिशिष्टात गेली आहे. मुख्य संहितेत आहे ते असं: अज्ञातवासाचं ठरत असताना अर्जुन स्वतःहून धर्मराजाला सांगतो, की मी असा राहीन, वेणी घालीन, बांगड्या आणि कुंडलं घालीन, आणि विराटाच्या घरी गाणं, नाच, वाद्यं शिकवीन. त्याने स्वतः निवडलेलं रूप आहे ते. शाप आपण दिला, मागाहून. एखादा वीर स्वखुशीने असा राहील हे कोणाच्या तरी पचनी पडेना, म्हणून मग शाप.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर कोणीतरी मला पकडेल. अर्जुन पुढे उत्तराला सांगतो, की मी खरा तसा नाही, हे थोरल्या भावाच्या आज्ञेने घेतलेलं वर्षाचं व्रत आहे. कबूल. तेव्हा आजच्या अर्थाने बृहन्नडा तृतीयपंथी आहे असा दावा मी करत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ते वर्ष मूळ गोष्टीत लाजिरवाणं नाही. विराट त्या गुरूची परीक्षा घेतो आणि मगच मुलीला शिकायला पाठवतो. वर्ष संपल्यावर तीच मुलगी तो अर्जुनाला देऊ करतो, तेव्हा अर्जुन म्हणतो की तिने मला वडिलांसारखं मानलं आहे, मी तिला सून करून घेतो. एका गुरूने आणि शिष्येने विश्वासाने घालवलेलं वर्ष आहे ते. मुलांसाठी लिहिताना त्यातलं काय ठेवलं आपण? मिशी आणि पदर.

शिखंडीचं तर याहून वाईट. मुलांच्या पुस्तकात शिखंडी म्हणजे भीष्मांपुढे उभी करायची ढाल. एका वाक्यात येतो, एका वाक्यात जातो. पण उद्योगपर्वात शिखंडीचं बालपण आहे हो, आणि ते भीष्म स्वतः सांगतात. द्रुपदाच्या घरी मुलगी जन्मते, आईवडील तिला मुलगा म्हणून वाढवतात, अस्त्रविद्या शिकवतात, लग्नही लावून देतात. मग खरं बाहेर येतं. सासरा चिडतो आणि सैन्य घेऊन निघतो. आईवडिलांवर आपल्यामुळे संकट आलं म्हणून शिखंडिनी जीव द्यायला रानात जाते. तिथे तिला भेटतो स्थूण नावाचा यक्ष. तो तिची सगळी हकीकत ऐकून घेतो आणि आपलं पुरुषपण तिला काही काळासाठी देतो. काम झाल्यावर शिखंडी शब्द पाळून ते परत करायला येतो, पण तोवर कुबेराच्या शापामुळे यक्षाला ते घेता येत नाही. म्हणून ते शिखंडीकडेच राहतं.

ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी नाही? घरच्यांच्या दुःखाचं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेणारं मूल, रानात भेटलेला एक अनोळखी भला माणूस, आणि दिलेला शब्द पाळणं. परीकथेत आणखी काय असतं? पण आपण ठेवली फक्त ढाल.

बरं, पुराणं सोडा. मला खरं नवल वाटतं ते आपल्या भाषेचं. मराठीत मूल नपुंसकलिंगी आहे. बाळ, लेकरू, पोर, पिल्लू, कोकरू, वासरू, सगळी "ते". तीन लिंगं असलेल्या आपल्या भाषेने तिसरं लिंग लहानग्यांसाठी राखून ठेवलं आणि त्यात केवढी माया भरली! देवाचं बघा. विठोबा आपला बाप, आणि तोच विठाबाई, विठुमाउली. ज्ञानेश्वर पुरुष, पण लाखो वारकरी त्यांना माउली म्हणतात आणि कोणाला त्यात काही खटकत नाही. आजवर कुठल्याही लहान मुलाने मला विचारलेलं नाही, की विठ्ठलाला मिशी नाही का, मग तो आई कसा? मुलांना ते आपसूक कळतं.

आणि बालगंधर्व? (१८८८–१९६७.) नारायणराव राजहंस "मानापमान"मध्ये भामिनी झाले, "एकच प्याला"मध्ये सिंधू झाले, आणि घराघरांतल्या बायका त्यांचं बघून साडी नेसायला, दागिने घालायला शिकल्या. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं. आमच्या आजीच्या खोलीत त्यांचा स्त्रीवेषातला फोटो देवांच्या शेजारी होता. त्याच घरात आज मामी म्हणतात, "नको ती सोंगं." मामी, तो फोटो आठवतो ना? तुम्हीच पुसायचात तो दर दिवाळीला.

भाषेवरून एक जुनी आठवण. माझं आजोळ कोल्हापूर. तिकडे बायकाही "मी आलो", "मी जातो" म्हणतात. सगळ्या सुट्ट्या तिकडे घालवल्यामुळे माझ्याही तोंडात तेच. दुसरीत असताना वर्गात उठून मी म्हणाले, "बाई, मी पाणी पिऊन येतो." सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. नंतर कितीतरी दिवस पोरं मला "काय रे भाऊ" म्हणायची. मी "येते" म्हणायला शिकले, पण त्याआधी महिनाभर वर्गात बोलायचंच बंद केलं होतं. माझी तर नुसती बोलीभाषा होती. मी मुलगी आहे याबद्दल मला कधी शंका नव्हती. तरी ते हसू मला आज इतक्या वर्षांनी लख्ख आठवतं. ज्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्न एका क्रियापदापुरता नाही, रोज सकाळी उठल्यापासून आहे, त्याचं काय होत असेल?

आता तुम्ही म्हणाल, की सुधारणा होतेय की! होतेय. नाही कुठे म्हणतेय मी? ना. धों. ताम्हनकरांनी "गोट्या" लिहिला तशी "चिंगी"ही लिहिली. (गोट्या टीव्हीवर आला आणि घरोघरी पोचला. चिंगी किती जणांना आठवते, हात वर करा.) भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे माझा जीव की प्राण होता. मी त्याच्यासारखं "ट्टॉक" करत सायकल चालवायचे, आणि मनातल्या मनात बनेश म्हणजे मीच. मुलाच्या जागी स्वतःला ठेवून वाचायची सवय आम्हा मुलींना लहानपणीच लागते. मुलग्यांना मात्र मुलीच्या जागी बसून वाचायची सवय कोणी लावत नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले, बाई डॉक्टर आणि पुरुष आचारी दाखवला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. बातमी वाचून मी आमच्या घरच्या बाबांसमोर मेथीची जुडी ठेवली होती :-)

पण नीट बघा, हे सगळं कामांबद्दल आहे. कोणी भाजी निवडायची, कोणी इंजेक्शन द्यायचं, कोणी झाडावर चढायचं. मुलगी काय करू शकते आणि मुलगा काय करू शकतो, इथपर्यंत आपण आलो. "मी कोण?" हा प्रश्न विचारणारं मूल मात्र त्या चित्रात कुठेच नाही. आईबाबा भाजी निवडतायत, ताई क्रिकेट खेळतेय, दादा केर काढतोय, आणि चौथं कोणी त्या घरात राहतच नाही.

दुसरं म्हणजे, मुलगी मुलासारखी वागली की आपण टाळ्या वाजवतो. "मुलगाच आहे हो ती माझा!" असं कौतुकाने सांगतो. मुलगा मुलीसारखा वागला की मात्र घसा खाकरतो. आणि गंमत अशी, की मराठीतल्या सर्वांत लाडक्या पुस्तकाचा नायक असाच एक हळवा, रडका मुलगा आहे. "श्यामची आई" साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. श्याम भितो, रडतो, घरकामात आईला मदत करतो, फुलांवर जीव लावतो. हीच आई त्याला पोहायला घाबरतो म्हणून मारतेही, ते मी विसरलेले नाही. गुरुजींना रडके म्हणून हिणवणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण नव्वद वर्षं झाली, पुस्तक घरात आहे आणि बाप्ये ते वाचून डोळे पुसतात. म्हणजे हळव्या मुलाला आपण वाचू शकतो. त्याला पुस्तकाबाहेर जगू देणं आपल्याला जड जातं.

आता घरच्यांच्या शंका. एकेक घेते.

"मुलांच्या डोक्यात नसतं ते कशाला घालायचं?" डोक्यात नसतं हे कोणी सांगितलं? विरार लोकलमध्ये बसलेलं कुठलंही मूल टाळी ऐकतं. मान वळवून बघतं. विचारतं, "ही कोण? हा कोण?" आपण काय सांगतो? "तिकडे बघू नकोस. हे दहा रुपये दे आणि गप्प बस." धडा तर आपण देऊन मोकळे झालो, भीतीचा. पुस्तकाने दुसरा धडा दिला तर बिघडलं कुठे? आणि घरात बाळ झालं की त्यांचाच आशीर्वाद हवा असतो. म्हणजे आपल्या बाळाला त्यांनी आशीर्वाद द्यायचा, पण त्यांच्यापैकीही कोणी कधी बाळ होतं हे आपण कबूल करायचं नाही.

"अशी असून असून किती असणार?" २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदाच "इतर" असा तिसरा रकाना होता. देशभरात त्यात सुमारे ४ लाख ८८ हजार लोकांची नोंद झाली. त्यातली सुमारे ५५ हजार होती ०ते ६ वयाची मुलं. नोंद अर्थातच आईबापांनी केलेली, तेव्हा तो आकडा कितपत नेमका आहे यावर वाद घालता येईल. पण सरकारच्या कागदावर ती मुलं आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. २०१९ मध्ये कायदा झाला. पोलीस भरतीच्या अर्जात आपल्या महाराष्ट्राने जागा केली ती २०२२ मध्ये, उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर. अर्जात रकाना आला, गोष्टीत नाही आला.

"हे मोठ्यांचे विषय आहेत." हो ना! म्हणूनच सगळं मोठ्यांसाठीच लिहिलं गेलं. सतीश आळेकरांचं "बेगम बर्वे" १९७९ चं. लक्ष्मीनारायण त्रिपाठींचं "मी हिजडा, मी लक्ष्मी" २०१२ मध्ये आलं. लक्ष्मी तर आपल्याच ठाण्यातली. दिशा पिंकी शेख यांचा "कुरूप" हा कवितासंग्रह आहे. ही सगळी मोठ्यांच्या कपाटातली पुस्तकं. लक्ष्मीचं पुस्तक उघडलंत तर आत एक शाळकरी मूल भेटतं. त्याला नाच आवडतो, आणि आपण कोण आहोत ते त्याला नीटसं कळत नाही. या मुलांचं बालपण आपल्याकडे मोठ्यांच्या आत्मचरित्रात सापडतं, बालसाहित्यात सापडत नाही. म्हणजे आधी सगळं एकट्याने सोसायचं, मोठं व्हायचं, मग पस्तिशीत स्वतःचं बालपण स्वतःच लिहायचं, आणि ते वाचायचं कोणी? जे कधी तसे लहान नव्हते त्यांनी.

"शाळा बघून घेईल." शाळेला कोणी बघू देईल तर ना. २०२१ मध्ये एनसीईआरटीने शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली होती. वर्गात असं मूल असेल तर त्याला सामावून कसं घ्यावं, याबद्दलची. बालहक्क आयोगाने आक्षेप घेतला आणि ती काही दिवसांतच संकेतस्थळावरून उतरवली गेली. पुस्तिका मुलांसाठी नव्हती, शिक्षकांसाठी होती, तरी ही गत. तेव्हा शाळेवर सोडून आपण हात झटकू शकत नाही. शनिवारी गोष्ट सांगणारी मावशी, दिवाळीला पुस्तक घेऊन येणारा मामा, झोपताना "मग काय झालं" ऐकवणारी आजी, ही खरी बालसाहित्याची खाती आहेत.

एका धोक्याबद्दल मात्र मलाच बोलायचं आहे, कारण तो आपल्या बाजूचा आहे. उद्या असं पुस्तक निघालंच तर ते कसं निघेल, हे मला आत्ताच दिसतंय. एक दुःखी मूल असेल. सगळे त्याला चिडवतील. मग एक समजूतदार बाई येतील, वर्गाला चार वाक्यं सुनावतील, सगळे माफी मागतील आणि शेवटी चौकटीत "आपण काय शिकलो?" कृपा करा आणि असलं काही लिहू नका. कुठल्याही मुलाला दुसऱ्यांच्या शिकवणीचा धडा व्हायचं नसतं. त्याला चोर पकडायचे असतात.

हिंदीत कनक शशी यांचं गुठलीचं पुस्तक आहे. गुठलीला फ्रॉक घालायचा असतो आणि घरचे म्हणतात तू तर मुलगा आहेस. गुठलीला त्याचं वाईट वाटतं, आणि शेवटी आई तिच्याजवळ येते. बस, एवढंच. कोणी भाषण ठोकत नाही. इंग्रजीत सुनीती नामजोशींच्या अदितीच्या साहसकथा आहेत. पहिली १९८६ ची. मराठी घरातली बाई, मुंबईत जन्मलेली, आजोळ फलटणचं. त्यांची अदिती माकडाला, हत्तीला आणि मुंगीला घेऊन बेधडक ड्रॅगनच्या भेटीला निघते. मुलगी असून कशी निघाली, असं तिला कोणी विचारत नाही. मला मराठीत हे हवंय. भाईंदरच्या खाडीकाठी राहणारं, उत्तनच्या किनाऱ्यावर सायकल पिटाळणारं, तस्करांचा पत्ता लावणारं एक पोर. त्याचं त्याला माहीत असावं आपण कोण ते, किंवा अजून माहीत नसावं, आणि गोष्टीने त्याच्यासाठी खोळंबून राहू नये.

असो. फार झालं.

गेल्या शनिवारी लेकरू नेहमीसारखं आलं. दप्तरातून वही काढली. म्हणालं, "मावशी, मी बृहन्नडेची गोष्ट लिहितेय की लिहितोय ते विचारू नकोस, फक्त एक सांग." (खरंच असं म्हणालं. मी कान धरले.) अडचण अशी होती, की "बृहन्नडा गेला" लिहायचं की "बृहन्नडा गेली"? पुस्तकात म्हणे एका ओळीत "म्हणाला" आहे आणि दुसऱ्या ओळीत "म्हणाली". मी म्हटलं, तूच ठरव. ते बराच वेळ पेन्सिल चावत बसलं. मी आत जाऊन पोहे केले.

बाहेर आले तर पहिलं पान भरलं होतं. त्याने "गेला"ही लिहिलं नव्हतं आणि "गेली"ही नाही. गोष्ट बृहन्नडाच सांगत होती, आणि राजघराण्यातली असल्यामुळे स्वतःला "आम्ही" म्हणत होती. आम्ही विराटाच्या नगरीत आलो. आम्ही उत्तरेला नाच शिकवला. आम्ही त्या वर्षी खूप हसलो.

मी विचारलं, "खूप हसलो? का रे बाळा?"

"नाच येत होता ना छान," ते म्हणालं, आणि पोहे खाऊ लागलं.

मामी, पुढच्या गणपतीला बांगड्या तुमच्याकडून घेणार आहे. हिरव्या. आत्तापासून सांगून ठेवते.